बॉनेटवरचे ठसे

सुट्टीचा अख्खा दिवस घासून मी जुन्या गाडीचं बॉनेट आरशासारखं चकचकीत केलं, त्यावर सिरॅमिक कोटिंग चढवलं आणि घरात दम भरला, "वाळेपर्यंत कोणी हात लावलात तर याद राखा!"

हात धुऊन येते तर बॉनेटवर चार बोटांचे ठसे! माझं डोकंच फिरलं.

"हा कुणाचा प्रताप?"

गाडीला खेटून चाकाच्या खुर्चीत बसलेल्या बाबांनी मान खाली घातली. मग वर्गात खोडी करताना सापडलेल्या पोरासारखा त्यांनी उजवा हात वीतभर वर केला. अर्धांगवायू झाल्यापासून तो हात मांडीवरून हलला नव्हता.

आई घाईघाईनं फडकं घेऊन धावली.

मी ओरडले, "खबरदार ते ठसे पुसशील तर!"