मालकाचा रकाना

"या या, मालक आले! मालकांना पुढची खुर्ची द्या रे!"

सपोर्टर पोरांतला रघु ओरडला आणि काळाचौकीच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये एकच हशा पिकला. दारात ॲलॉयशियस मिरांडा उभा होता, रविवारी चर्चला मिसाला जाताना घालतो तो पांढरा शर्ट घालून. त्याला वाटलं गंमत चाललीय, म्हणून तोही हसला. मी स्टेजवर टेबलामागे सेक्रेटरीच्या खुर्चीत होतो. ती गंमत नव्हती, हे त्या हॉलमध्ये त्याच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं.

मी मनमोहन तळपदे. फेरबंदर स्पोर्टिंग या फुटबॉल क्लबचा एकोणतीस वर्षं सेक्रेटरी. सरकारी कचेरीत फायली सांभाळण्यात जन्म गेला, म्हणून क्लबच्या फायलीही माझ्याच गळ्यात पडल्या. खेळात मी काही दिवे लावले नाहीत. ॲलॉयशियस, आमचा ॲलू, मात्र खेळला. गोदीत क्रेन चालवता चालवता चौदा सीझन राइट बॅक खेळला आणि गुडघा गेल्यावर उरलेलं सगळं करायला लागला. कॉटन ग्रीनच्या गोदामांमागच्या आमच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारणं, जर्सी धुणं, एखाद्या पोराचा पाय मुरगळला की त्याला टॅक्सीत घालून परळच्या हॉस्पिटलात नेणं. त्याची बायको इनेझ म्हणायची, "आमच्या घरात माणसांपेक्षा मोजेच जास्त."

क्लबला सत्तर वर्षं होऊन गेली, पण शहराच्या लीगमध्ये पहिल्या डिव्हिजनला आम्ही यंदा प्रथमच चढलो. चढलो काय, महिन्याभरात एका कंपनीचं पत्र हजर! तिला क्लब विकत हवा होता. नाव तिचं, मैदान नवी मुंबईत, खेळाडू तिचे. आमची लीगमधली जागा तेवढी घ्यायची आणि आम्हाला टाटा करायचं. पत्र माझ्या घरी आलं, कारण क्लबचा पत्ता माझ्याच घरचा. माझ्या मुलाने, ध्रुवने ते फोडलं. वर लिहिलं होतं, "श्री. ॲलॉयशियस मिरांडा, मालक."

"मालक?" ध्रुव म्हणाला. "क्लबला मालक कधी झाला?"

ध्रुव आमच्या सपोर्टर पोरांचा पुढारी. इंग्लंड-जर्मनीतल्या क्लबांचा इतिहास त्याला तोंडपाठ. 'क्लब फॅन्सचा असतो' हे त्याचं पेटंट वाक्य. त्याने लगेच लीगच्या वेबसाइटवर जाऊन बघितलं. तिथेही तेच नाव, २०१२ पासून. अर्ध्या तासात ते पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं आणि सभा ठरली. ॲलूकडे अजून बटणांचा फोन. त्याला फक्त सभेची वेळ कळली.

आता खरं काय ते सांगतो. निदान इथे तरी सांगतो.

२०१२ साली लीगने नोंदणी कॉम्प्युटरवर नेली. त्या फॉर्ममध्ये मालकाचा रकाना होता. एका माणसाचं नाव आणि पॅन नंबर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडेना. आमच्याकडे गणपतीचा मांडव असो नाहीतर गल्लीतली क्रिकेटची टीम असो, कागदावर कुणातरी एकाचं नाव लागतंच. त्याने कुणी मालक होत नाही, हे लहान पोरालाही कळतं. नाव माझंच टाकायला हवं होतं, सेक्रेटरी मी. पण त्याच वर्षी दुसऱ्या एका क्लबचा पोरगा खेळता खेळता मैदानात कोसळून गेला होता आणि कागदावर ज्याचं नाव त्याच्या दारात पोलीस उभे राहिले होते. माझी पाचावर धारण बसली. नोकरीची चार वर्षं राहिली होती. मी फॉर्मची प्रिंट घेऊन ॲलूच्या घरी गेलो.

"ॲलू, पॅन कार्ड दे. एक रकाना भरायचाय."

"कसला रे, मन्या?"

"मालकाचा. नुसती फॉर्मॅलिटी."

तो खो खो हसला. "मालक? मी? अरे, राहतो ती खोली पण माझी नाय, पागडीची हाय! इनेझ, ऐकलं काय? मी मालक झालो!"

हसतच सही केली त्याने. एक ओळ वाचली नाही. आणि मी शहाण्याने ती गोष्ट मीटिंगच्या वहीत नोंदवली नाही. नोंदवली असती तर कुणीतरी विचारलं असतं, तळपदे, तुमचं नाव का नाही?

हे सगळं माझी बायको बेबी जाणून होती. रविवारी दुपारी हॉलवर निघालो तर तिने दाराशी अडवलं. "अहो, आज सांगणार ना?"

"सांगणार म्हणजे काय! सांगायलाच हवं," मी म्हणालो. आणि देवाशप्पथ, तेव्हा मी खरंच सांगणार होतो.

सभेला शंभरेक माणसं. अर्ध्यांच्या अंगात आमच्या हिरव्या जर्सी. क्लब विकायचा नाही, यावर दुमत नव्हतंच, तो ठराव दोन मिनिटांत टाळ्यांच्या गजरात झाला. मग ध्रुवने माइक घेतला आणि पत्र वाचून दाखवलं. 'मालक' शब्दाला हॉलमध्ये पुन्हा कुजबुज झाली.

"अंकल, एक सरळ प्रश्न विचारतो," ध्रुव म्हणाला. आवाज अदबीचा होता. लहानपणी ह्याच अंकलच्या खांद्यावर बसून त्याने मॅच बघितल्या होत्या. "क्लबचे मालक म्हणून तुमचं नाव कसं काय लागलं?"

"कसला मालक?" ॲलू उभा राहिला. "मी कशाला मालक होतो?"

ध्रुवने खाली उतरून त्याच्या हातात लीगच्या साइटवरच्या सहीच्या फॉर्मचा प्रिंटआउट दिला. तेवढ्यात मागून रघु बोललाच, "टेरेन्सला कॅनडाला धाडला ना गेल्या साली? कंपनीशी सेटिंग कधीपासून हाय, तेवढं सांगा की!"

"रघु, तू गप रे," कुणीतरी म्हणालं, पण फारसा जोर न लावता. टेरेन्स ॲलूचा एकुलता मुलगा. त्याला पाठवताना म्हाताऱ्याने गोदीचा फंड तर मोडलाच, वर इनेझच्या हातातल्या बांगड्याही गेल्या. सोनाराकडे मीच बरोबर गेलो होतो.

ॲलूने चष्मा लावला. कागद जवळ घेतला, लांब धरला. मग त्याला आठवलं. मला दिसलं ते त्याच्या चेहऱ्यावर. त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही हो! रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. तो चक्क हसत होता. 'काय ही पोरं, सांग ना यांना, मन्या!' एवढंच होतं त्या बघण्यात. मी सांगणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

माझ्यासमोर वही उघडी होती. मी मान खाली घातली आणि वर लिहिलेली तारीख पेनाने पुन्हा गिरवली.

उठून दोन वाक्यं बोलायची होती फक्त. नाव मी घातलं. भीतीपोटी घातलं. बस्स. पण समोर माझा मुलगा उभा होता हातात माइक घेऊन, आणि शंभर माणसं ज्या नजरेने ॲलूकडे बघत होती ती नजर मला सोसली नसती. लाज वाटते सांगायला, पण मी मनात म्हटलं, ॲलूच सांगेल आपणहून. त्याने नाव घेतलं की मी उठेन. तेव्हा नाही म्हणणार नाही. नक्की उठेन.

"सही तुमचीच आहे ना, अंकल?" ध्रुवने विचारलं.

"हाय. माझीच हाय."

"कुणी सांगितली करायला?"

मी तारखेखाली रेघ मारली. मग ॲलूचा आवाज आला.

"मी केली म्हणजे मीच केली. दुसऱ्याचं काय विचारतो?" मग तो मागच्या रांगांकडे वळला. "क्लब मी विकणार नाय. माझा नाय तर विकू कसा? तुमाला कागद पायजे ना? आणा. आता लिवून देतो."

कागद तयारच होता. आमची पोरं हुशार, सगळं टाइप करून आणलेलं. मालकी सपोर्टर्सच्या समितीकडे. ॲलूने टेबलाशी येऊन सही केली, माझ्यापासून दोन हातांवर, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टाळ्या झाल्या. मग रघुने आणखी एक ठराव आणला. चौकशी होईपर्यंत मिरांडा अंकलनी क्लबचं कुठलंच काम करू नये आणि त्यांच्या घरी असलेलं सगळं सामान सेक्रेटरीने ताब्यात घ्यावं. ध्रुव जरा अडखळला. "एवढं लागेल का?" म्हणाला. पण हात भराभर वर गेले होते.

"विरोधात कुणी?" मला विचारावं लागलं, ते माझंच काम.

कुणी नव्हतं. मी वहीत लिहिलं, एकमताने मंजूर. माझं अक्षर छान आहे असं सगळे म्हणतात.

घरी आलो तर बेबीने फक्त चेहरा बघितला आणि आत निघून गेली. जेवताना ध्रुव मात्र खुशीत होता. "बाबा, आज क्लब खरा लोकांचा झाला. अंकलबद्दल वाईट वाटतं रे. पण नियम तो नियम."

तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं. "ते नाव मी घातलं होतं. त्याला काही माहीत नव्हतं."

ध्रुवचा घास हातातच राहिला. बेबी कुणाकडेही न बघता भाजी वाढत होती.

"मी त्यांना विचारलं, कुणी सांगितलं म्हणून," ध्रुव हळू म्हणाला. "तू तिथेच बसला होतास, बाबा."

"हो."

"माझ्या समोर बसला होतास."

तो उठला. ताट तसंच राहिलं. मी त्याला हाक मारली नाही, कोणत्या तोंडाने मारणार?

सोमवारी सकाळी घोडपदेवला ॲलूच्या चाळीत गेलो. दार उघडंच होतं. खाटेवर जर्सी घड्या घालून ठेवलेल्या, प्रत्येकीचा नंबर वर येईल अशा. शेजारी बॉलच्या जाळ्या, औषधाची पेटी, चुन्याचं मशीन पुसून ठेवलेलं. इनेझ स्वयंपाकघरात होती. माझा आवाज ऐकूनही बाहेर आली नाही.

"ये," ॲलू म्हणाला. "बस."

बसवेना मला. जिना चढताना घोकलेलं सगळं एका दमात बोललो. "ॲलू, चुकलो रे. घाबरलो मी. काल बोलायला पाहिजे होतं, माझं तोंडच उघडलं नाही. ध्रुवला सांगितलंय. आजच्या आज ग्रुपवर टाकतो, वहीत लिहितो, पुन्हा सभा बोलावतो. वाटलं तर राजीनामा देतो."

त्याने सगळं ऐकून घेतलं. खाली शाळेत जाणाऱ्या मुलींचा कलकलाट चालला होता.

"टाकू नको," तो म्हणाला.

"का?"

"आता टाकशील तर काय म्हणतील? ॲलू जाऊन मन्याच्या पाया पडला म्हणतील. दोस्ताला वाचवायला सेक्रेटरी खोटं बोलतो म्हणतील. काल बोलला असता तर ती गोष्ट खरी होती. आज ती खरी राहिली नाय."

तो म्हणाला ते बरोबर होतं आणि त्याला ते कळलं होतं म्हणून मला जास्त लागलं. रात्रभर विचार केला असणार त्याने, माझ्यापेक्षा पुढचा.

"मग मी करू काय, ॲलू?"

"सामान घे. मोजून घे. आणि पोच लिवून दे."

त्याने कागद पुढे केला. मी खाटेच्या कडेवर बसलो आणि लिहायला लागलो. तो एकेक वस्तू उचलून सांगत होता, मी उतरवत होतो. जर्सी हिरव्या बावीस. जर्सी पांढऱ्या एकोणीस. गोलकीपरचे ग्लव्ह्ज तीन जोड, त्यातला एक शिवलेला. शिवलेला आहे हेही त्याने लिहायला लावलं. आवाजात राग नव्हता, ओलावाही नव्हता. बँकेत खिडकीपलीकडचा माणूस बोलतो तसा बोलत होता. पंचेचाळीस वर्षांत हा माणूस माझ्याशी असा कधी बोलला नव्हता. भांडला होता, शिव्या घातल्या होत्या, पण असा नाही.

सगळं उतरवून झाल्यावर मी खाली सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

"थांब जरा," तो म्हणाला. "साक्षीदार येतो हाय."

"साक्षीदार?" मी बघतच राहिलो. "तुझ्यामाझ्यात साक्षीदार, ॲलू?"

"काल एकच साक्षीदार होता माझा," तो म्हणाला. "तो वहीत बघत बसला."

शेजारच्या खोलीतला जेरी आला. दाढी अर्धवट झालेली, कानाजवळ साबण तसाच, कामावर जायच्या घाईत.

"कुठे करू सही, अंकल?"

"याला विचार," ॲलू म्हणाला आणि खिडकीकडे गेला. "कागदाचं याला कळतं."

जेरीने पेन उघडलं. माझ्या सहीखाली थोडी जागा उरली होती. मी त्याला ती बोटाने दाखवली.