दस्त्यावरचं नाव

मराठी माणसाच्या हाती शस्त्र आलं की इतिहास घडतो. इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या सबनीसांच्या हाती आलं, तेव्हा तो सँडपेपरने पुसला गेला.

शेजारच्या डोरीनबाईंनी वडिलांच्या जुन्या, निकामी केलेल्या लष्करी रायफलीच्या लाकडी दस्त्याला फक्त तेल लावायला सांगितलं होतं. सबनीसांनी हौसेने पॉलिश खरवडलं, लाकूड घासून गुळगुळीत केलं.

"अहो, तिथे त्यांच्या वडिलांनी चाकूने 'डोरीन' कोरलं होतं," बायको यमुना म्हणाली.

"मला वाटलं, ओरखडे आहेत."

रायफल परत देताना सबनीसांची मान वर होईना. नाव होतं तिथे डोरीनबाई बराच वेळ बोट फिरवत राहिल्या.

"सॉरी," सबनीस पुटपुटले.

"नाव मला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "बाथरूमचं दार अडकतंय, तेवढं घासून द्याल का?"