पुसलेला गोल

तेजूने मला नकाशा दाखवला, त्यात मी एक निळा ठिपका होते. "नाव कुठेच नाही वहिनी," ती म्हणाली, "आणि घर तर मी पुसूनच टाकलंय." खरंच, सातपूरला जिथे माझी खोली, तिथे पांढरा रिकामा गोल होता. मला हायसं वाटलं. मी पण किती बिनडोक!

तेजस्विनी माझी चुलत नणंद. नवऱ्याचं, योगेशचं, घर सोडून मी निघाले तेव्हा सगळ्या भावकीत तेवढी तीच माझ्या बाजूने उभी राहिली. तिनेच खोली बघून दिली, वर्कशॉपमध्ये पॅकिंगचं काम लावून दिलं. माझा पत्ता तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हता. शेवटच्या भांडणात योगेशने माझा हात चौकटीवर धरून दार लोटलं होतं. करंगळी अजून सरळ होत नाही.

तेजूला पीएच.डी. करायची होती. मोबाइल घेऊन माणसं कुठे कुठे हिंडतात ते टिपायचं आणि त्यावरून बस कुठून सोडावी ते ठरवायचं, असा काहीसा विषय. बंगळूरच्या एका संस्थेत जागा निघाली होती. फी नाही, वर दरमहा शिष्यवृत्ती. नमुना म्हणून तिने आम्हा कामगार बायकांच्या मोबाइलमध्ये अॅप टाकलं आणि आमच्या जाण्यायेण्याचा तारीखवार नकाशा इंटरनेटवर ठेवला. मी हौसेने हो म्हटलं होतं. तिच्या उपकारांची तेवढीच फेड.

घात केला धोंडीरामकाकांच्या कौतुकाने. तेजूचे वडील ते. लेक मोठी संशोधक होणार म्हणून त्यांनी नकाशाची लिंक भावकीच्या ग्रुपवर टाकली. खाली अंगठ्यांचा आणि फुलांचा नुसता पाऊस. आणि मुलाखतीच्या दिवशी सकाळी तेजूला योगेशचा मेसेज आला: "नकाशा लय भारी. सातपूरहून दर अमावस्येला आपल्या देवीला कोण येतंय गं?"

कळवणजवळ सासरच्या मळ्यात, बांधावर, आमची कुळाची देवी आहे. शेंदूर फासलेला दगड. ना कळस, ना पाटी. भावकी सोडली तर तिथे कोणी फिरकत नाही. पळून जायच्या आदल्या दिवशी मी तिलाच साकडं घातलं होतं, सुखरूप सुटू दे, दर अमावस्येला नारळ वाहीन. त्याच्याच कुळाच्या देवीला! पण इतकी वर्षं दिवा तिचाच लावला, दुसरी आणू कुठून? नवरा सोडला, देवी सोडवेना. अमावस्येला आमच्याकडे औत धरत नाहीत. सकाळी घरचे नैवेद्य दाखवून गेले की दुपारी मळा ओस पडतो. मी तेव्हा जायचे, तोंडाला ओढणी बांधून.

तेजू लॅपटॉप पाठीला लावून स्कूटीवरून तडक माझ्या खोलीवर आली. "मी घरं पुसली वहिनी, देवी तशीच राहिली. माझ्या डोक्यातच आलं नाही."

आणि घर तरी कुठे पुसलं होतं? पांढऱ्या गोलाच्या बरोब्बर मधोमध आमचीच इमारत. हे शाळेतल्या पोरालाही दिसलं असतं.

मी पिशवी भरली. तेजूने खिडकीतून खाली पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. चहाच्या टपरीपाशी योगेशची मोटरसायकल उभी होती, आणि तो टपरीवाल्याला मोबाइलमधला माझा फोटो दाखवत होता. जिना एकच, तोही टपरीच्या तोंडावर. तेजूने पोलिसांना फोन केला. गाडी पाठवतो म्हणाले. मी दाराची कडी लावली आणि भिंतीला टेकून खाली बसले.

तेवढ्यात लॅपटॉप वाजायला लागला. मुलाखत.

"उचल," मी म्हटलं. "तुझं तरी बुडू देऊ नकोस."

पडद्यावर दोन सर आणि एक मॅडम आले. इंग्रजीत प्रश्न सुरू झाले. तेजू उत्तर देत होती, आणि मला जिन्यावर चप्पल ऐकू आली. टाच घासत चालायची ती सवय मी झोपेतही ओळखीन.

"उज्ज्वला, दार उघड. नुसतं बोलायचंय."

कडी जुनीच होती. दुसऱ्या धक्क्याला निघाली. तो आत आला, माझ्याकडे बघून हसला आणि त्याने मागे दार लावून घेतलं. मी करंगळी मुठीत दडवली.

तेजू लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून त्याच्यासमोर उभी राहिली. "दादा, हे तिघं बघतायत. रेकॉर्डिंग चालू आहे. बोल काय बोलायचंय ते."

चार भिंतींत माझी हाडं मोडणाऱ्या त्या माणसाने परक्या लोकांसमोर चक्क शर्टाची कॉलर नीट केली! मॅडम त्याला काहीतरी विचारत होत्या. तो दाराकडे सरकला. जाताना माझ्याजवळ वाकला आणि लॅपटॉपला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "देवीला तर येशीलच ना."

तो गेला. पोलिसांची गाडी त्यानंतर आली. तेजूने त्या तिघांना सगळं सांगितलं आणि त्यांच्यासमोरच नकाशा इंटरनेटवरून काढून टाकला. जागा मिळाली की गेली, ते अजून कळलेलं नाही. त्याच संध्याकाळी तिने मला दुसरीकडे हलवलं. कुठे, ते इथे सांगत नाही.

नव्या खोलीत मागच्या भाडेकरूचं कॅलेंडर टांगलेलं आहे. अमावस्या त्यात काळ्या गोलाने छापलेली असते. त्या दिवशी तो बांधावर बसलेला असणार. गेले तर त्याच्या हाती सापडेन. आणि नाही गेले, तर दिलेली सुटका देवी परत घेईल, अशी भीती वाटते.