तेहतीस कोटींना सतराचा भाग

जैनब बागवान बाद झाली, आणि तीही बरोबर उत्तर देऊन! आता काय म्हणावं?

राज्यपातळीच्या गणित स्पर्धेला पुण्यातून एकच नाव जाणार होतं. शेवटचा प्रश्न फळ्यावर होता: ३३,३३,३३,३३१ ही संख्या मूळ आहे का? म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणाचाच भाग जात नाही का? शेवटपर्यंत टिकलेला दुसरा स्पर्धक राजस म्हणाला, मूळ. जैनब म्हणाली, नाही. परीक्षक दिगंबर सरांनी राजसच्या पाठीवर थाप मारली.

"सर, सतराने भाग जातो," जैनब जागची हलली नाही. कच्च्या कागदावरचा भागाकार तिने पुढे केला. सरांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

"हे बघ बाळ, एकतीस मूळ, तीनशे एकतीस मूळ, तीन हजार तीनशे एकतीस मूळ. हवे तेवढे तीन लिहा, शेवटी एक लावा, मूळच येणार. बावीस वर्षं माझ्या पुस्तिकेत छापलंय. तेहतीस कोटींच्या वरची संख्या ती, तुझ्या सतराला कशाला भीक घालेल?"

सभागृह हसलं. स्वारगेटची फळांची गाडी सोडून आलेले तिचे अब्बा, हुसेनभाई, पहिल्या रांगेतून हात जोडून उठले. "चल बेटा. मोठ्यांशी वाद घालू नये."

जैनबच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाद कसला? साधा भागाकार होता! ती सरळ फळ्याशी गेली आणि खडू उचलला.

"खाली बस!" सर कडाडले.

"बसते. बाकी उरली तर." आणि तिने मोठ्याने सुरुवात केली. "तेहतिसात सतरा एकदा, उरले सोळा. तीन खाली घेतला, एकशे त्रेसष्ट. नऊ वेळा, उरले दहा."

एकेक तीन खाली उतरू लागला. हसणं कधी थांबलं ते कुणालाच कळलं नाही. राजस तर वहीत तिच्याबरोबर मांडायला लागला होता. शेवटी पाच उरले आणि वरून एक खाली आला.

"एक्कावन्न," जैनब म्हणाली. "सतरा त्रिक?"

"एक्कावन्न!" मागच्या बाकांवरची पोरं ओरडली.

सरांनी चष्मा पुसला, फळा पुन्हा वरपासून वाचला. सात तीनांपर्यंत त्यांनी स्वतः तपासलं होतं, आठव्याला कंटाळा केला होता. घसा खाकरून ते म्हणाले, "हं. निकाल तर जाहीर झालाय. तुला उत्तेजनार्थ बक्षीस देऊ."

"अगं, घे," अब्बा पुटपुटले, "हेही खूप झालं."

"नको," जैनब म्हणाली. खडू अजून तिच्या हातात होता. "चुकलेल्याला उत्तेजन द्या सर. माझं बरोबर आहे. मला माझी जागा द्या."

राजसने वही मिटली. "सर, माझं चुकलंय," तो म्हणाला.

दिगंबर सरांनी यादी पुढे ओढली, राजसच्या नावावर काट मारली आणि विचारलं, "बागवान, पूर्ण नाव सांग."