पिशवीचं तोंड

तळहातावरची मनुका इतकी हलकी होती की ती आहे की पडली, हे बघायलाच जयवंतीला डोळे उघडावेसे वाटत होते – आणि डोळे तर उघडायचे नव्हते. "घाई नाही. आधी वास घ्या, मग जिभेवर ठेवा," किंजलमॅडम सांगत होत्या. बदलाला शांत मनाने सामोरं कसं जायचं, ते शिकवायला कंपनीने त्यांना मुद्दाम आणलं होतं. बदल म्हणजे पॅकिंगचं नवं मशीन. कॅन्टीनची टेबलं भिंतीला सरकवून सतरंज्या घातल्या होत्या, आणि ज्यांचं काम राहणार ते आणि ज्यांचं जाणार ते, सगळे मांडीला मांडी लावून बसले होते... मनुका मात्र प्रत्येकाला एकेकच, त्यात दुजाभाव नाही.

"माजी तर कवाच पोटात गेली," शेजारून भागी कुजबुजली.

जयवंतीला हसू आलं आणि पाठोपाठ कालचं आठवलं. सुपरवायझर विनोदसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं – तुम्ही दहावी पास, मशीनवर तुमचं पक्कं. भागी कंत्राटातली, तिचं या महिन्यापुरतंच. सोमवारपर्यंत तिला हे सांगू नका. आणि जयवंती "बरं" म्हणाली होती. बरं! कुठून आला तो शब्द तोंडात? इतकी वर्षं एका टेबलाशी... माकुणसारच्या घरच्या वाडीतली केळी जयवंतीने आणायची, पावसाळ्यात डोंगरातली शेवळाची रानभाजी भागीने; आणि जयवंतीचा हर्षित तापाने फणफणला तेव्हा, "जा गं तू पोराकडं," म्हणून हिच्या वाटचं काम अंगावर घेतलं ते कोणी? तिलाच आता सोमवारपर्यंत फसवायचं.

"श्वास सोडा. हात सैल. मनात जे धरून ठेवलंय, ते जाऊ द्या."

जयवंतीने श्वास सोडला, आणि हात आपसूक पुढे आले – रोज येतात तसे, पिशवीचं तोंड दोन्हीकडून ताणून धरायला. पिशवी कुठली असायला! पण बोटांना काहीतरी लागलं. तिने डोळे किलकिले केले, तर भागीचा हात... तिने धरलेल्या पिशवीला रोजच्यासारखा सील मारायला आलेला, तोही मिटल्या डोळ्यांनी.

भागीने हात मागे घेतला नाही.

"मशीनवर माजं नाव नाय, मला ठाव हाय," ती डोळे न उघडताच पुटपुटली. "कंत्राटदारानं परवाच सांगितलं."

"मंग बोलली का नाय तू?"

"तुला वाईट वाटलं असतं."

भागी रडेल, आपण तिची समजूत घालू – त्यासाठी शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते जयवंतीने. आणि इथे भागीचा अंगठा तिच्याच मनगटावरून फिरत होता, सावकाश, आजारी लेकराला थोपटावं तसा... हात सोडवून घ्यावा, एवढी तरी लाज असावी माणसाला. पण बरं वाटत होतं. काम कुणाचं जातंय आणि बरं कुणाला वाटतंय – हे तिला कळत होतं, पुरतं कळत होतं, आणि तरीही तो हात आणखी थोडा वेळ तिथेच असावा, असं तिला वाटत राहिलं.