ग्रंथपाल बाईंच्या स्लाइड्स आणि मी

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. कारखान्यात घडलो तेव्हा देवाने मला एकच डोळा दिला, पण असा तेजस्वी की समोरची भिंत न्हाऊन निघावी. वाणी मात्र दिली नाही. ते काम माणसांचं. माणसं तेही माझ्यावरच ढकलतात, हे पुढे कळलं.

एका वाचनालयात मी नोकरीला लागलो. सुरुवातीला काय ते कौतुक! अंगावर मखमली आच्छादन असे. पुढे त्या मखमलीने टेबलं पुसली जाऊ लागली, माझ्या जाळीत धूळ साचली आणि मी दमेकऱ्यासारखा घरघरू लागलो.

अशात संकट आलं. वाचनालयाच्या अध्यक्षांना स्वतःचं दालन हवं होतं आणि त्यांची नजर मुलांच्या वाचनखोलीवर पडली. ग्रंथपाल बाईंचा सगळा जीव त्या खोलीत. "बैठकीत तुमचं म्हणणं मांडा, मग ठरवू," अध्यक्ष म्हणाले. बाईंनी मला पोटाशी धरून तालमीसाठी घरी नेलं.

बाईंनी केलेल्या स्लाइड्सचं वर्णन काय करावं! एकेकीवर अक्षरांचं वारूळ फुटलेलं. मथळे गिरक्या घेत यायचे, आकडे उड्या मारत यायचे आणि प्रत्येकाबरोबर संगणकातून टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. मी खूश! एवढं काम मला कुणी दिलं नव्हतं. बाई भिंतीकडे तोंड करून अक्षर न् अक्षर वाचू लागल्या. श्रोत्या एकट्या सासूबाई, पलंगावर मांडी घालून बसलेल्या. थोड्याच वेळात टाळ्यांच्या जोडीला घोरणं ऐकू आलं.

"आई! झोपलात?"

"छे गं, डोळे मिटून ऐकत होते." सासूबाई सावरून बसल्या. "पण सूनबाई, तू त्या भिंतीला काय समजावतेस? खोली काय भिंत बंद करणार आहे?"

"सगळे मुद्दे यायला नकोत का?"

"ते मला वाचता येतात की. मग तू कशाला हवीस? तुझा जीव कशासाठी तुटतो, ते सांग."

बाई वळल्या. "दुपारी खोलीच्या दाराबाहेर मुलांच्या चपलांचा ढीग पडतो ना, आई... तो उद्या दिसणार नाही."

"हं! आता मी जागी आहे."

मग कात्री चालली. गिरक्या गेल्या, टाळ्या गेल्या, वारुळं गेली. उरला चपलांच्या ढिगाचा एक फोटो. मला अपमान वाटला. एवढं माझं तेज, आणि दाखवायचं काय, तर चपला!

बैठकीत मी त्या दाखवल्या. मंडळी हसली. खजिनदारांनी नेहमीप्रमाणे डुलकीची तयारी केली. तोच बाईंनी संगणकाची एक कळ दाबली आणि पडदा काळाकुट्ट! मला वाटलं, आटोपला आपला अवतार. देवाचं नाव घेतलं. पण दिवा शाबूत होता; बाईंनीच मुद्दाम चित्र झाकलं होतं.

बघायला दुसरं काही उरलं नाही, तशा सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. धाकट्या भावाला मांडीवर घेऊन वाचणाऱ्या मुलाबद्दल त्या बोलल्या, पुस्तक संपू नये म्हणून शेवटचं पान राखून ठेवणाऱ्या मुलीबद्दल बोलल्या. असं निरूपण, की खजिनदार ताठ बसले आणि मी घरघरायचं विसरलो.

"दालन झालं, की या मुलांनी चपला कुठे काढायच्या, तेवढं सांगा." बाईंनी कळ दाबली. चपला पुन्हा पडद्यावर आल्या.

अध्यक्ष चष्मा सावरत पुढे वाकले. "ती पिवळी... तुटलेला पट्टा दोऱ्याने बांधलेली... अहो, ती गाठ माझी आहे! ही आमच्या नातीची चप्पल! घरी सांगते, गणिताच्या शिकवणीला जाते म्हणून!"

"ती होय? ती तर लहान मुलांना वाचून दाखवते," बाई म्हणाल्या.

अध्यक्ष खाकरून म्हणाले, "माझं टेबल जिन्याखाली लावा. आणि तिला सांगू नका हं, मला कळलंय म्हणून."

मित्रांनो, एक विनवणी आहे. काम झालं की लगेच माझी वायर उपटू नका. मला निवायला थोडा वेळ लागतो, तोवर माझा पंखा फिरू द्या. आणि तेवढ्या वेळात समोरच्या माणसांशी दोन शब्द बोला. त्या दिवशी बाई आणि अध्यक्ष असेच बोलत बसले होते. पंखा थांबला, तरी कुणी उठलं नाही.