मखमलीचं अस्तर

"लोकं मखमलीचं ब्लाऊज शिवत्यात, आन् आमच्यात नळीला अस्तर लावत्यात," सुईत दोरा ओवता ओवता गजराबाई पुटपुटल्या. काळी मखमल त्यांच्या भावानं दिलेली, आणि आता ती लेकाच्या दुर्बिणीच्या पोटात चिकटणार होती.

शेजारी बसून कापड कातरणाऱ्या सुनेनं, दैवशालानं, ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यानं सासू पहिल्या झटक्यात दोरा ओवते, आणि आपल्या नवऱ्याला दिवस कलला की ताटातली भाजी चाचपडावी लागते, हे तिला दिसत होतं. तेर गावातल्या त्या घरात सगळ्यांनाच दिसत होतं. बोलत कुणी नव्हतं. तिचा नवरा शिवशंकर काळी-पिवळी जीप चालवायचा आणि घर त्या जीपवर चालायचं. संध्याकाळच्या फेऱ्या त्यानं आपणहून सोडल्या होत्या, 'कमरेला त्रास होतो' म्हणून. कमरेचं कुणी विचारलं नाही.

दुर्बीण नवशिक्यांचीच, कुणीतरी वापरून टाकलेली. चंद्र झकास दिसायचा. शिवशंकरला मात्र देवयानी बघायची होती, लांबची दुसरी आकाशगंगा. ती दिसेना. मग स्वस्तातले इलाज सुरू झाले. डगमगत्या तिवईच्या जागी धाकट्या भावानं, सुतारकाम करणाऱ्या धनाजीनं, प्लायवूडची बैठक ठोकली. डोळा लावायचं जुनं भिंग आणलं, फार मोठं करून न दाखवणारं, पण जास्त आभाळ दाखवणारं. गावातले दिवे आत शिरू नयेत म्हणून झोपायच्या काळ्या चटईची गुंडाळी तोंडाला बांधली.

दर इलाजानंतर, रात्रीची जेवणं झाली की सगळे घरावरच्या माळवदावर. फोनवर बघून धनाजी नळी रोखायचा. शिवशंकर बराच वेळ डोळा लावून बसायचा.

"काळंकुट्ट हाय. तू बघ रं."

"न्हाय बा," धनाजी म्हणायचा. "आपली म्हस तेवढी दिसती."

नळीतली चमक मरावी म्हणून मखमल लावली त्या दिवशी दैवशालानं डोळा लावला. ताकाच्या गाडग्याच्या तळाशी राहतो तसला पांढुरका डाग, मधे जरा दाट. केवढं लांबचं, आणि तिच्या पापणीशी आलेलं. तिला वाटलं, ह्यांचा हात धरावा आणि सांगावं.

"न्हाय ओ," ती म्हणाली. "काहीच न्हाय."

घटस्थापनेआधी गजराबाईंनी घर धुवायला काढलं. माळवदावरच्या खोलीतली गोधड्या-भांडी खाली आणताना दुर्बीणही आणली आणि पुन्हा होती तिथं ठेवली. शिवशंकरनं बॅटरी मारून नळीच्या तळाचा आरसा चाचपला.

"राखेनं घासला आयनं. खरवडून ठेवलाय. बघ गं."

दैवशाला वाकली. आरसा लख्ख होता. तिचं आख्खं तोंड त्यात दिसत होतं, आणि ते तिला बघवेना.

"व्हय," ती म्हणाली. "घासल्यावानी दिसतंय."

"कळत न्हाय तर हात कशाला लावायचा?" तो आईवर खेकसला. "खायाचं आन् पडायचं, तेवढंबी धड न्हाय तुला जमत."

गजराबाईंनी सुनेकडं बघितलं. मग पदर खोचून उरलेली गोधडी पिळायला घेतली. त्या दिवसापासून त्यांच्या हातचं पाणीसुद्धा तो घेईना. त्यांनी ते सोसलं. दैवशालानं तर सासूच्या वाट्याचा उपासाचा भगरभात जरा जास्त वाढला, आणि तेवढ्यानं आपलं भागलं असं समजून घेतलं.

शिवशंकर मात्र खुशीत होता. खोट आरशात निघाली होती. चौथ्या माळेला त्यानं जीप धुतली, झेंडूचा हार बांधला, आणि गल्लीतल्या बायांना तुळजापूरला देवीच्या छबिन्याच्या मिरवणुकीला नेतो म्हणून सांगून आला.

"रात्रीचं?" दैवशाला म्हणाली.

"मग छबिना काय दुपारी असतो?"

दिवस मावळला. बाया लेकरं मांडीवर घेऊन दाटीवाटीनं बसल्या. धनाजी फडक्यानं पुढची काच पुसत राहिला, पुसलेलीच पुन्हा पुसत. दैवशाला त्याच्याकडं बघत होती, तो काचेकडं.

शिवशंकर अंगणातून निघाला आणि जीपच्या दाराऐवजी आरशावर हात आदळला. हसला. "कमर," म्हणाला.

गजराबाई उठल्या. त्यांनी त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली.

"आरसा म्या घासला न्हाय, शंकर. तुजा तो आभाळातला डाग धनाजीला दिसतो. तुज्या बायकूला दिसतो. ह्या चिरलेल्या डोळ्यानं म्या बी बघितला. सगळ्यांला दिसतो रं. तुलाच दिसत न्हाय."